स्पंज प्राणी आहे का? एका अर्ध्या गुणाची गोष्ट



आजचा लेख एका अर्ध्या गुणापासून सुरू होतो. चौथीच्या वर्गाची छोटी चाचणी होती. प्रश्न अगदी सोपा : 'कोणत्याही चार प्राण्यांची नावे लिहा.' एका मुलीने लिहिलं, गाय, कुत्रा, बेडूक, स्पंज. मी लाल पेनाने 'स्पंज'वर फुली मारली, बाजूला 'वस्तू' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. गठ्ठा मोठा होता, पुढचा पेपर घेतला. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दप्तरात मोठ्या भावाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. पान दुमडून ठेवलेलं होतं. म्हणाली, "बाई, दादाच्या पुस्तकात स्पंज प्राण्यांमध्ये आहे." मी बघितलं. खरंच होतं. 'रंध्रीय प्राणी' असा संघ, आणि त्यात आंघोळीचा स्पंज. मी दहावी झाले त्याला आता वीस वर्षं होत आली. हे सगळं कधीतरी वाचलं असणार, पाठही केलं असणार. पण तपासताना माझ्या डोळ्यांसमोर आली ती भांडी घासायची पिवळी-हिरवी घासणी.

मी गुण द्यायला पेन उचललं, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "पण बाई, तुम्हीच सांगितलंत ना, प्राणी जागा बदलतात आणि झाडं एका जागी राहतात? मग स्पंज चालतो का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. 'वनस्पती व प्राणी यांतील फरक' हा तक्ता मी डी.एड.ला असताना सराव पाठात फळ्यावर काढला होता आणि तेव्हापासून दरवर्षी काढते आहे. पहिलीच ओळ असते : 'प्राणी जागा बदलतात. वनस्पती जागा बदलत नाहीत.' ही ओळ खरी धरली तर त्या मुलीचं उत्तर चूक ठरतं. तिचं उत्तर खरं धरलं तर माझी ओळ चूक ठरते. दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाहीत.

मी मुलांना सांगितलं, "मला दोन-चार दिवस द्या. मी वाचून सांगते." त्या वाचनातून जे हाती आलं ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. वर्गात कसं घ्यायचं, तेही शेवटी दिलं आहे.

आधी आपल्या घरातले तीन 'स्पंज'

गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण एकाच शब्दाने तीन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखतो.

पहिला, स्वयंपाकघरातला. भांडी घासायचा किंवा ओटा पुसायचा हा स्पंज कारखान्यात तयार होतो. तो प्लॅस्टिकच्या फोमचा असतो, काही वेळा लाकडाच्या लगद्यापासून मिळणाऱ्या सेल्युलोजचा. ही वस्तूच आहे.

दुसरा, अंग घासायची जाळी. आपल्याकडे घोसाळं वेलीवरच पूर्ण वाळू देतात, साल काढतात, बिया झटकतात आणि उरलेली जाळी आंघोळीला वापरतात. ही वनस्पती आहे, काकडी-दुधीच्या कुळातली.

तिसरा, खरा स्पंज. हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहतो. भूमध्य समुद्रातून पाणबुडे तो हजारो वर्षांपासून काढत आले आहेत. वर काढल्यावर त्याचा मऊ, जिवंत भाग कुजवून धुऊन टाकतात. उरतो तो स्पाँजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा लवचीक सांगाडा. दुकानात जो 'नैसर्गिक स्पंज' मिळतो तो म्हणजे प्राणी नव्हे, तर एका प्राण्याचा सांगाडा. पहिल्या स्पंजाला नाव मिळालं ते या तिसऱ्यावरून. नक्कल घरोघरी पोहोचली आणि मूळ प्राणी आपण विसरून गेलो.

जगात स्पंजांच्या सुमारे ९ हजार जातींची नोंद झालेली आहे. बहुतेक समुद्रात राहतात, थोड्या गोड्या पाण्यात. आंघोळीला उपयोगी पडतील अशा जाती मात्र मोजक्याच. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या अंगात चुन्याच्या किंवा सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या, बारीक सुया असतात. त्यांना कंटिका म्हणतात. त्यांनी अंग घासलं तर सोलून निघेल!

तो खातो कसा?

मुलांचा पुढचा प्रश्न हाच असतो. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. हृदय नाही, रक्त नाही, स्नायू नाहीत, मेंदू तर नाहीच. मग उरलं काय?

उरलं पाणी. स्पंजाचं सगळं शरीर पाणी आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी बनलेलं आहे. अंगभर बारीक छिद्रं असतात, त्यांना ऑस्टिया म्हणतात. त्यांतून पाणी आत येतं, अरुंद नळ्यांतून छोट्या छोट्या कप्प्यांत जातं आणि शेवटी एका मोठ्या छिद्रातून बाहेर पडतं. ते मोठं छिद्र म्हणजे ऑस्क्युलम. मोठ्या स्पंजाला अशी बरीच ऑस्क्युला असतात.

हे पाणी कोण ढकलतं? आतल्या कप्प्यांच्या भिंतींवर लाखो कॉलर पेशी बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीला चाबकासारखी एक बारीक कशाभिका असते आणि तिच्या बुडाशी शर्टाच्या उभ्या कॉलरसारखं एक गाळणं असतं. कशाभिका सतत हलते, पाणी ओढलं जातं, कॉलरमध्ये जीवाणू आणि बारीक अन्नकण अडकतात आणि पेशी ते गिळून टाकते. म्हणजे स्पंजाला एक मोठं तोंड नाही, पण लाखो सूक्ष्म तोंडं आहेत असं म्हणायला हरकत नाही.

यातली एक गंमत मोठ्या मुलांना जरूर सांगा. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, हो ना? वाट अरुंद झाली की वेग वाढतो, वाट रुंद झाली की कमी होतो. स्पंजात कॉलर पेशींचे कप्पे इतके असंख्य असतात की त्या सगळ्यांची मिळून वाट फार रुंद होते. त्यामुळे तिथे पाणी अगदी संथ चालतं आणि पेशींना अन्न टिपायला वेळ मिळतो. बाहेर पडायचं छिद्र मात्र अरुंद. तिथून पाणी जोरात फेकलं जातं आणि टाकाऊ पदार्थ दूर जातात, नाहीतर तेच घाण पाणी पुन्हा आत आलं असतं. ना पंप, ना वीज. काही जाती दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी अशा रीतीने गाळतात.

आणि नियम म्हटला की अपवाद आलाच. १९९५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतल्या अशा स्पंजाची माहिती प्रसिद्ध केली, जो पाणी गाळतच नाही. त्याच्या अंगावर बारीक आकडे असतात. कोळंबीसारखे इवलेसे जीव त्यांत अडकतात आणि मग स्पंजाच्या पेशी सरकत येऊन भक्ष्याला वेढून हळूहळू पचवतात. तोंड-पोट नसलेला मांसाहारी!

पण मुख्य मुद्दा लक्षात घ्या. स्पंज स्वतःचं अन्न स्वतः तयार करत नाही. तो दुसऱ्यांना खातो. आपल्या तक्त्यातली ही ओळ मात्र टिकते.

तो हलतो का?

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. मोठा झालेला स्पंज एका जागी चिकटून राहतो, हे खरं. पण त्याचं लहानपण तसं नसतं. बऱ्याच जातींमध्ये शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात, पाण्याबरोबर त्या दुसऱ्या स्पंजाच्या अंगात जातात, तिथे अंडपेशी फलित होते आणि त्यातून इवलीशी अळी बाहेर पडते. तिच्या अंगावर बारीक केसांसारखी लव असते. ती लव हलवत ही अळी काही तास, कधी काही दिवस पोहते, योग्य जागा शोधते, चिकटते आणि मग तिथेच स्पंज होते. म्हणजे बाळपणी भटकंती आणि मोठेपणी घर. आपल्या माणसांसारखंच की!

मोठेपणीही तो अगदीच दगड नसतो. प्रयोगशाळेत काचेवर वाढवलेले काही छोटे स्पंज दिवसाला काही मिलिमीटर सरकताना दिसले आहेत. पाणी गढूळ झालं तर कित्येक जाती आपली छिद्रं मिटून घेतात, अंग आकसतात. २०२२ साली कॅरिबियन समुद्रातल्या नळीच्या आकाराच्या एका स्पंजाचं चित्रीकरण प्रसिद्ध झालं. तो चक्क शिंकतो. आत येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेने तो चिकट स्राव छिद्रांपर्यंत आणतो, त्यात अडकलेला गाळ अंगावर गोळा होतो, आणि मग अंग आकसून तो झटकून टाकतो. एका शिंकेला कित्येक मिनिटं लागतात. आपण कॅमेऱ्यावर वेग वाढवून बघितलं तरच ती दिसते.

हे वाचल्यावर मला वाटलं, 'हलत नाही' असं आपण किती पटकन म्हणतो! आपल्या घड्याळात दिसत नाही, एवढंच खरं असतं.

गाळून घेतला तरी पुन्हा उभा राहतो

स्पंजाची सगळ्यात चकित करणारी गोष्ट आता सांगते. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एक जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून समुद्राच्या पाण्यात पिळून काढला. आपण चक्का गाळतो ना, तसा. खाली पाण्यात उरल्या फक्त सुट्ट्या पेशी. बहुतेक दुसरे प्राणी असते तर तिथेच संपले असते. पण या पेशी तळावर सरकू लागल्या, एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले आणि काही दिवसांत त्या गोळ्यांतून छिद्रं आणि नळ्यांसकट छोटे स्पंज तयार झाले. पुढे असंही दिसलं की दोन वेगळ्या जातींच्या पेशी एकत्र मिसळल्या तर बऱ्याच वेळा त्या आपापल्या जातीच्या पेशींबरोबरच गोळा होतात. म्हणजे पेशीला 'आपलं कोण' हे कळतं.

मेंदू नाही, हुकूम देणारं कुणी नाही, तरी लाखो पेशी मिळून एक शरीर चालवतात. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधल्या एका स्पंजाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी साधनं वापरतात, त्यांतली बरीचशी जनुकं सापडली. चेतापेशी एकही नाही, पण तिच्यासाठी लागणारं बरंचसं सामान मात्र आहे.

प्राणिसृष्टीच्या वंशवृक्षात अगदी बुडापासून पहिल्यांदा वेगळी झालेली फांदी स्पंजांची की कंगव्यासारखी लव असलेल्या कोंब जेलींची, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. पण स्पंजांचे ५० कोटी वर्षांपेक्षाही जुने जीवाश्म सापडतात. डायनोसॉर त्यांच्यापुढे कालची पोरं!

हा प्रश्न मोठ्यामोठ्यांनाही पडला होता, आणि त्यात मुंबईही आहे

चौथीतल्या त्या मुलाला वाटत असेल की आपण काहीतरी खोडसाळ विचारलं. तसं मुळीच नाही. त्याच प्रश्नावर दोन हजार वर्षं घोळ चालू होता.

ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की, स्पंजाला संवेदना असते असं म्हणतात, कारण तो उपटायला गेलं की आकसतो. मात्र काही ठिकाणचे लोक हे मानत नाहीत. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने स्पंज आधी शैवालांच्या जवळ ठेवले होते आणि नंतर प्राण्यांकडे हलवले. १७६५ मध्ये जॉन एलिस यांनी स्पंजाच्या छिद्रांतून पाणी ये-जा करतं हे नोंदवलं. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत सतत बाहेर पडताना पाहिला. एडिंबरोला शिकायला आलेला तरुण चार्ल्स डार्विन याच ग्रँटबरोबर समुद्रकिनाऱ्यावर जीव गोळा करत फिरायचा.

आणि आता आपल्या घराजवळची गोष्ट. हेन्री जॉन कार्टर नावाचे एक इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला होते. त्या काळी मुंबई ही तलावांची नगरी होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आपण आजही घेतो, तलाव मात्र कधीच बुजले. मुंबईच्या तलावांत वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंज कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले आणि १८४८ साली त्यांचा लेख इंग्लंडमधल्या नियतकालिकात छापून आला. लेखाच्या शीर्षकाचा आशय असा : मुंबईच्या तलावांतल्या गोड्या पाण्यातील स्पंजांच्या जाती, रचना आणि त्यांचं प्राणीपण. 'प्राणीपण' हा शब्द शीर्षकातच होता, बरं का! म्हणजे तोवर ते सिद्ध करून दाखवावं लागत होतं. भारतात आढळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाच्या शास्त्रीय नावात 'कार्टेरी' असा शब्द आहे, तो याच डॉक्टरांवरून.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. जो प्रश्न मुंबईत बसून एका माणसाने सूक्ष्मदर्शकाने सोडवायला घेतला होता, तोच प्रश्न माझ्या वर्गात अर्ध्या गुणात निकालात निघाला होता.

उन्हाळा कसा काढतो?

गोड्या पाण्यातला स्पंज आपल्या हवामानात कसा टिकतो, हे आपल्या मुलांना पटकन कळेल. मार्च-एप्रिलपासून तळ्याचं पाणी खाली जाऊ लागतं. काठावरचा स्पंज उघडा पडतो आणि मरतो. पण मरण्याआधी त्याच्या अंगात मोहरीपेक्षाही बारीक गोळ्या तयार झालेल्या असतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. प्रत्येक गोळीत अन्न साठवलेल्या पेशींचा पुंजका आणि बाहेर कंटिकांनी मजबूत केलेलं कवच. ही गोळी ऊन आणि कोरडेपणा सोसते. पाऊस येतो, तळं भरतं, कवचाच्या छिद्रातून पेशी बाहेर येतात आणि नवा स्पंज वाढू लागतो.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे बियाण्यासारखं वाटेल. वाटू द्या. पण बी फुलापासून तयार होतं आणि जेम्यूल म्हणजे त्याच स्पंजाच्या पेशींची बांधलेली शिदोरी, हा फरक सांगा. गोड्या पाण्यातले काही स्पंज हिरवेगार दिसतात, कारण त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. हिरवा रंग, एका जागी चिकटलेला, बीसारख्या गोळ्या. लोकांनी त्याला वनस्पती म्हटलं यात नवल नाही.

याचा आपल्याला काय उपयोग?

पालक हमखास विचारतात म्हणून सांगते. १९५० च्या सुमारास कॅरिबियन भागातल्या एका स्पंजात काही वेगळी रसायनं सापडली. ती आपल्या डीएनएच्या घटकांसारखी दिसत, पण थोडी निराळी होती. त्यांवरून धडा घेऊन पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झालं. १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांवर ते आजही वापरतात. स्तनाच्या कर्करोगावरच्या एरिब्युलिन या औषधाची सुरुवातही जपानी स्पंजात सापडलेल्या एका पदार्थापासून झाली. पळून जाता येत नाही, शिंगं-दात नाहीत, मग स्वतःला वाचवायला स्पंज रसायनंच वापरतो. तीच आपल्या कामी येतात.

समुद्रालाही त्याचा आधार आहे. प्रवाळांच्या आसपासचं पाणी अन्नाच्या बाबतीत गरीब असतं. तिथे पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषून घेतात आणि त्यांच्या जुन्या पेशी गळून पडतात, त्या खेकडे-किडे खातात. जे इतरांना खाता येत नाही त्याचं अन्न करून देण्याचं हे काम २०१३ साली संशोधकांनी मोजून दाखवलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तर काचस्पंजांनी बांधलेले प्रचंड खडक आहेत. ते सुमारे ९ हजार वर्षं वाढत आले आहेत आणि १९८७ मध्ये समुद्रतळाची पाहणी करताना सापडले. तळ खरवडणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांनी त्यांचा काही भाग मोडला. आता तो भाग संरक्षित आहे.

आणि मुलांना सर्वांत आवडलेली गोष्ट ही : ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे उपसागरातल्या काही डॉल्फिन माद्या तळाशी भक्ष्य शोधताना नाकाडावर स्पंज चढवतात, म्हणजे खरचटत नाही. ही युक्ती बहुतेक वेळा आईकडून मुलीकडे जाते.

वर्गात कसं घ्याल?

१. *तीन स्पंज टेबलावर.* भांड्यांची घासणी, घोसाळ्याची जाळी आणि खऱ्या स्पंजाचं चित्र. भिंगातून बघू द्या. प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न : हे कोणी तयार केलं? कारखान्याने, वेलीने की प्राण्याने?

२. *पाणी गाळण्याचा खेळ.* मुलं गोल करून बसतील, एका ठिकाणी वाट मोकळी. गोलात कागदाचे पांढरे आणि थोडे रंगीत कपटे टाका. पांढरे म्हणजे पाणी, रंगीत म्हणजे अन्न. प्रत्येक जण वहीने वारा घालून कपटे पुढे ढकलेल, समोरून रंगीत कपटा गेला की उचलेल. पांढरे मोकळ्या वाटेने बाहेर. मॉनिटर नाही, शिट्टी नाही. तरी काम होतं का ते बघा.

३. *विल्सनचा खेळ.* मुलांना लाल आणि निळ्या चिठ्ठ्या वाटा. टाळी वाजली की मैदानभर पांगायचं. दुसऱ्या टाळीला न बोलता आपल्या रंगाच्या मुलांना शोधून हात धरायचे. मग विचारा, पेशींनी हे डोळ्यांशिवाय कसं केलं असेल?

४. *तक्ता पुन्हा तपासा.* 'वनस्पती व प्राणी यांतील फरक' फळ्यावर लिहा आणि प्रत्येक ओळीला स्पंज लावून बघा. जी ओळ मोडते ती मुलांनाच दुरुस्त करू द्या. लाजाळूचं झाडही लावून बघा, मजा येईल.

एक सूचना. सहलीला किनाऱ्यावर गेलात आणि खडकावर स्पंज दिसला तर तो उपटू देऊ नका, हातही लावू देऊ नका. कंटिका बोटात घुसतात आणि काही जातींनी त्वचेची आग होते.

सरावासाठी प्रश्न

अ) स्पंजाच्या शरीरात पाणी कशातून आत येते व कशातून बाहेर जाते?
आ) घोसाळ्याची जाळी आणि आंघोळीचा नैसर्गिक स्पंज यांत काय फरक आहे?
इ) स्पंज एका जागी राहतो, तरी त्याला प्राणी का म्हणतात? दोन कारणे द्या.
ई) तळे आटले तरी पुढच्या पावसाळ्यात स्पंज पुन्हा कसा दिसतो?

शेवटी, तो अर्धा गुण

चार दिवसांनी मी वर्गात तक्ता पुन्हा काढला. पहिली ओळ पुसली. मुलांशी बोलत बोलत नवीन लिहिली : 'बहुतेक प्राणी जागा बदलतात. काही प्राणी फक्त लहानपणी जागा बदलतात. सगळे प्राणी दुसऱ्या सजीवांपासून अन्न मिळवतात.' शेवटच्या वाक्यावर लगेच एक हात वर आला : "बाई, मग शैवाल पोटात ठेवणारा हिरवा स्पंज?" मी म्हटलं, "तोही शैवालाकडूनच घेतो ना!" पण मनातून मला कळलं की हाही तक्ता कायमचा नाही.

मग त्या मुलीला पुढे बोलावलं, तिच्या पेपरवरची फुली सगळ्यांसमोर खोडली आणि सांगितलं, "चूक माझी होती. मी न विचारता गुण कापला." तिने गुणांकडे फारसं बघितलं नाही. 'वस्तू' हा शब्द मात्र तिने स्वतःच्या खोडरबराने घासून बघितला. लाल शाई होती, गेली नाही.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती. लहान मुलांसाठी आपण नियम सोपे करतो, ते करावेच लागतात. पण सोपा केलेला नियम सांगताना 'बहुतेक' हा एक शब्द सोडू नका. आणि मुलाचं उत्तर विचित्र वाटलं तर लाल पेन उचलण्याआधी "हे तुला कुठून कळलं?" एवढं विचारा. पालकांनाही तेच सांगेन. मूल बाईंनी शिकवलेल्या वाक्याच्या विरुद्ध काही बोललं, तर 'बाईंना जास्त कळतं का तुला?' असं म्हणून गप्प करू नका. त्याला पुस्तक देऊन शाळेत पाठवा. आम्हालाही शिकायचं असतं.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय विचारलं ते मला जरूर कळवा. उत्तर आलं नाही तर दोन-चार दिवस मागून घेऊ आणि मिळून शोधू.